धुतलेली काठवट

मी ती धुतली.
गरम पाणी, सोडा, तारेची घासणी,
लाकूड पांढरंफटक होईस्तोवर,
आणि अंगणात उन्हाला पालथी घातली
जुनिपरच्या झुडपाशी.
वाटलं, सासू म्हणेल, पोरीच्या हाताला वळण आहे.

साल्मे गोठ्यातून आली.
दुधाची बादली खाली ठेवली,
काठवटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे,
आणि एस्टोनियनमधला एकच शब्द बोलली,
जो नार्वाच्या शाळेत
मला कुणी शिकवला नव्हता.

रात्री यूरीने अंथरुणात समजावलं.
काठवट कधी धुवायची नसते.
कडेला वाळून बसलेलं पीठ असतं ना,
तेच विरजण. आजीच्या आजीपासूनचं.
युद्धात घर सोडताना भिंतीवरचं घड्याळ मागे राहिलं,
ही मात्र गाडीत चढली.
"मग आधी सांगायचं," मी म्हटलं.
"यात सांगायचं काय," तो म्हणाला,
आणि कूस बदलली.

त्या शनिवारी साऱ्या बेटावर
बहुतेक आमच्याच घरी दुकानाचा पाव होता,
कापलेला, प्लॅस्टिकमधला.
साल्मेने तो खाल्ला
औषध घेतात तसा.

मग मी गोडावर आले.
वेलदोडे कुटले. लोणी, मनुका.
कणकेचा तीनपदरी पेड घालून त्याची गाठ वळली,
वाढदिवसाला करतात तशी
(वाढदिवस कुणाचाच नव्हता),
वर बदामाचे काप, पिठीसाखर.
साल्मेने एक तुकडा खाल्ला. "गोड आहे," म्हणाली,
मीठ खारट आहे म्हणावं
तसं.

तीन शेतं सोडून हिल्या राहते.
सख्खी बहीण. अकरा वर्षं अबोला.
आई गेली तेव्हा काठवट थोरलीकडे आली,
धाकटीच्या वाट्याला जॅमच्या बरणीत
मूठभर आंबलेलं पीठ.
एवढंच मला ठाऊक, आणि हे,
की चर्चमध्ये दोघी एकाच बाकावर बसतात
मधे एक माणूस मावेल एवढी जागा ठेवून.

मी सायकल काढली.
हिल्याने दार अर्धंच उघडलं.
"तिने पाठवलं?"
"नाही."
"मग पाठवलं असं म्हण."
म्हटलं.
तेव्हा तिने सगळं ऐकलं, सोड्यासकट,
आणि हसली, इतकी हसली
की एप्रनने डोळे पुसावे लागले.
"इतकी वर्षं मला जे करायचं होतं
ते तू, नार्वाहून येऊन, एका सकाळी!"
बरणी दिली. आत करडं, बुडबुड्यांचं, जिवंत.

रात्री ते राईच्या पिठात कालवलं,
काठवटीवर घोंगडं घातलं,
आणि घरात तापाचं मूल असल्यासारखी
दोनदा उठून पाहून आले.
पहाटे पीठ काठाशी आलं होतं.
बर्चची लाकडं जळून निखारे ओढल्यावर
चिमूटभर पीठ भट्टीत फेकलं:
काळं नाही, सावकाश तांबूस.
मेपलच्या पानांवरून दोन पाव आत सरकवले.

साल्मेने पाव कापला नाही. आधी नाकाशी धरला.
बराच वेळ.
"शहाजिरं," ती म्हणाली.
"आपण घालत नाही. ती घालते."
माझ्या पोटात गोळा आला.
यूरी ताटलीकडे बघत राहिला.
तिने कड मोडली, लोणी न लावता तोंडात टाकली,
चावत राहिली.
"तेव्हाही जास्तच घालायची."

काठवट आता कुणी धुणार नाही.
बरणी तेवढी मी धुतली.
विचारून.
"रिकामी परत द्यायची नसते," साल्मे म्हणाली
(नार्वातही नसते, मी म्हटलं नाही)
आणि तिच्यात लिंगनबेरीचा मुरंबा गळ्यापर्यंत भरला,
दुसरा पाव फडक्यात बांधला.

मी हात पुढे केला.
तिने काही दिलं नाही.
तेव्हा कुठे माझं लक्ष गेलं,
तिने बाहेरचे बूट घातले होते.