आठवडा त्रेपन्न

हेर्नेसान्दच्या लाकूडगिरणीत तारीख कुणी विचारत नाही.
"सुट्टी कधी?" "एकोणतीसमध्ये."
"नवं पातं?" "अकरा, बुधवारपर्यंत."
बिर्जितचं लग्न तेविसात झालं,
तिची धाकटी बेचाळिसात जन्मली,
आणि सिक्स्तेनचा गुडघा
दरवर्षी सहाव्यात दुखायला लागायचा, आठव्यात थांबायचा.

मी पगाराच्या खिडकीत बसते.
माझ्या मागचं कॅलेंडर सोमवारी उजाडतं.
रविवार शेवटी, कोपऱ्यात,
रांगेत उशिरा आलेल्या माणसासारखा.
वर्ष कुठून धरायचं ते गुरुवार ठरवतो:
जानेवारीतला पहिला गुरुवार ज्याच्या पोटात, तो आठवडा पहिला.
त्याच्या आधीचे एक-दोन उरलेसुरले दिवस
जातात मागच्या वर्षाच्या पदरात.
देशोदेशीच्या माणसांनी टेबलाभोवती बसून
एवढं एकमतानं ठरवलं,
ह्याचं मला अजून नवल वाटतं.

त्या वर्षी बावन्न पुरले नाहीत.
छापील तक्त्यात रकाना नव्हता,
मी कागदाची पट्टी कापून खळीनं चिकटवली, वर लिहिलं ५३.
त्याच पट्टीत सिक्स्तेन गेला.
शुक्रवारी, एक जानेवारीला,
पायरीवरचं बर्फ ओढता ओढता.

आल्फहिल्द दुसऱ्या आठवड्यात आली. हातमोजे न काढताच
तिनं माझा कागद उलटा वाचला.
"चर्चच्या वहीत नवं वर्ष आहे. दगडावरही तेच कोरणार.
तू जुनं का लिहिलंस?"
मी गुरुवार समजावला.
तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.
"म्हणजे तुमच्या हिशेबात
त्याला नवं वर्ष लागलंच नाही.
बाराचे ठोके आम्ही दोघांनी मोजले गं.
मी अकरा म्हणाले, तो म्हणाला, बारा, तू नेहमी एक खातेस."

मी खोडरबर उचललं.
ती म्हणाली, राहू दे.
मग, दाराशी:
"हा त्रेपन्न पुन्हा कधी?"
मी मोजलं. सहा वर्षांनी.
"बरंय," ती म्हणाली, "दरवर्षी पाहुणे कोण जेवू घालणार."

पट्टी अजून तक्त्याला आहे, एका कडेनं सुटलेली.
खिडकीखालून लाकडांची गाडी जाते तेव्हा फडफडते.
नवा माणूस विचारतो, हे काय चिकटवलंय?
मी म्हणते, हिशेब.

आज सोमवार. सहावा.
गिरणीत कुणाचाच गुडघा दुखत नाही.