वाहक

बाबांच्या खाकी खिशावर पितळी बिल्ला होता :
वाहक.
गणेशपेठ आगार. नागपूर, उमरेड, भिवापूर.
घरातलं खरं वाहक कोण, हे कळायला
निळूचा पहिला दात पडावा लागला.
तीन रात्री आई उशीचे अभ्रे बदलत होती.

मग मेडिकलचा तो लांब व्हरांडा,
गुडघ्याला बर्फ धरून बसलेला निळू,
‘फॅक्टर आठ संपलं’ म्हणणारी खिडकी,
आणि आत्याचं, ‘तुमच्याचकडून आलं ना बाप्पा हे?’
आई काही बोलायची नाही.
आत्याच्या ताटात एक पोळी जास्त वाढायची.

आता तोच बिल्ला माझ्या रिपोर्टवर.

धंतोली, दुसरा मजला. भिंतीवर पाटी :
येथे गर्भलिंग निदान केले जात नाही.
तिच्या खाली बसून मी पाच जणांची वाट पाहते.
बाहेर सेहेचाळीस. डांबर चपलेला धरून ठेवतंय.
आत कुठल्याशा नळकांड्यात उणे एकशे शहाण्णव,
तिथे माझे पाच,
टिंबाहून लहान.

डॉक्टर तळवेकर आजाराचं तेवढं बोलतात.
दोन बाधित.
दोन साफ.
एक वाहक.
शेवटच्या शब्दाला त्यांची नजर पाटीकडे जाते,
आणि मी पर्समध्ये नसलेलं काहीतरी शोधू लागते.
फोनवर हितेंद्र. ‘मग ती ठेवायची की...’
म्हणतो, आणि जीभ चावतो.

खाली निळू, स्कूटी सावलीत लावून.
रिपोर्ट सीटवर पसरतो. ‘दोन बाधित’वर बोट ठेवतो.
नख कानशीनं घासलेलं. नेलकटर आमच्या घरी कधी आलंच नाही.
‘हे दोघं म्हंजे मी.’
मी गप्प.
‘काऊन रडून राहिली? मले इचारलं असतं ना कोणी...’
पुढचं तो हेल्मेटमध्ये बोलतो.
झाशी राणी चौकाच्या सिग्नलला विचारावं म्हटलं,
तर हिरवा झाला.

फॉर्मचा शेवटचा रकाना रिकामा आहे :
उर्वरित भ्रूणांबाबत.

बाबा सांगायचे,
एक घंटी, थांब. दोन घंट्या, चल.
पण दोरी ओढायच्या आधी बघायचं,
मागच्या दाराला कोणी लोंबकळत तर नाही.

पेन उघडलंय.
मी मागच्या दाराकडे बघते आहे.