हजेरी

ओदील शिंपले सोलते, डिग्बीच्या कारखान्यात, एकोणीस वर्षं.
सुरी आत, मनगटाला हिसका,
आणि पांढरा गर तळहातावर.
डोळे मिटूनही जमतं तिला.
कुठला शिंपला मेलेला, ते बोटांनाच आधी कळतं.

घरी मात्र रेआलचा हात पोटावरून सरकतो
तेव्हा ती डिझेलचं बिल भरत असते,
फ्रीझरचं दार लागलंय का बघून येते,
बहिणीला बोलायचं राहून गेलेलं सगळं बोलून घेते.
शिवाय एक डोळा वर, छताला चिकटलेला:
होतंय का? झालं का? पोट दिसतंय का?

हॅलिफॅक्सच्या दवाखान्यात तारा लावून मोजलं.
कागदावरची रेघ चांगली चढलेली.
"शरीर जागं होतं तुमचं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.
"मग मला का नाही कुणी उठवलं?"
दोघीही हसल्या.
मग ओदील एकटीच रडली, आटोपतं,
पार्किंगची वेळ संपत आली होती.

गृहपाठ: एक मनुका, पाच मिनिटं.
मनुका?
मिनिटाला बारा शिंपले सोलणारी बाई
स्वयंपाकघरात एका मनुक्याकडे बघत बसली.
सुरकुत्या. देठाची जागा.
जिभेवर आधी काहीच नाही,
मग बारीकशी आंबट कळ, मग गोड.
मध्ये सतरा वेळा मन पळालं.
सतरा वेळा तिनं ते परत आणलं,
कान न धरता.

भिंतीवर भरती-ओहोटीचं वेळापत्रक.
बाईचंही असंच असतं, म्हणतात लोक.
मुळीच नाही.
भरतीला कुणाचं लक्ष लागत नाही,
तुम्ही झोपलेले असा, भांडत असा, ती येतेच.
ह्याला लागतं.

मार्चमधली रात्र, खिडकीत मीठ.
हळू, ती म्हणते. अजून हळू. तिथंच थांब.
रेआल थांबतो. थांबणं त्याला नवीन आहे.
फ्रीझर घुरघुरतो, ती ऐकते, परत येते.
बिल आठवतं,
येते परत.
मांडीच्या आतल्या बाजूला त्याच्या अंगठ्याचा घट्टा,
जाळ्याच्या दोरांनी केलेला, खरबरीत,
आणि त्यामागून हळूहळू
सबंध पाय तिचा होत जातो.

"हा कधीपासूनचा?" ती विचारते.
"पहिल्यापासून आहे," तो म्हणतो.