माप

शेठ, आधी बसा.
खुर्चीवर नको. पेढीवर बसता तसे,
मांडी घालून, डावा गुडघा लोडाला टेकवून.
उभ्या माणसाचं माप घेऊन केलेलं
ते बऱ्हाणपूरचं नायलॉनचं पाकीट,
म्हणून तर बरगडीखाली हा चिंचेच्या बोटकाएवढा वळ.

परवान्याला अकरा महिने गेले म्हणता.
ठाणं, तहसील, जळगावची कलेक्टर कचेरी,
शेजाऱ्यांचे जबाब. आणि हत्यार निवडायला एकच दुपार.
दुकानदारानं मोठं पुढं केलं, ते हातात शोभलं.
तुम्ही विचारलंत, याहून लहान?
बत्तीस बोरचं, चपटं, सदऱ्याखाली न दिसणारं.
मुठीवर करंगळीला तेवढी जागा नाही,
ती बाहेर लोंबकळत राहते
आवतण नसलेल्या भावकीसारखी.
चालायचंच. जे लपायचं ते कुठंतरी तोकडं पडणार.

मी खोगीर शिवणाऱ्याचा पोरगा.
सारंगखेड्याच्या जत्रेत बापाचं पाल असायचं.
नवं खोगीर तो आधी घोड्याच्या पाठीवर रात्रभर ठेवी
आणि सकाळी तिथले केस उलटे चोळून बघे.
म्हणे, घोडाले टोचस, ते सवारले बी टोचस.
आता घोडे वरातीपुरते. मी बुलेटच्या सीटा शिवतो.
ठाण्यातले लोक याला घोडाच म्हणतात ना?
मग झालं. धंदा काही बदलला नाही.

खरं इथं आणू नका. मी बाभळीचं कोरून घेतलंय,
वजनाला आत शिसं ओतून.
ओल्या कातड्यात दोन दिवस दाबून ठेवलं की—

कातडं नको, तुम्ही हळू म्हणालात.
आईचा नियम आहे. घरात पट्टासुद्धा कापडी.

मी आरी खाली ठेवली.
हसलो नाही, शेठ, शपथेवर सांगतो.
माणूस कुठल्या शिवणीवर उसवायचं नाही म्हणतो
ते ज्याचं त्याला ठाऊक.
सावद्याच्या केळीच्या ट्रकांची ताडपत्री घेऊ,
अंगाकडून नमदा; खोगिराखाली असतो तोच.
चोपड्याचा मे त्याला माहीत आहे, घाम पिऊन घेईल.
चापावर मात्र कडक पत्री येणार, प्लास्टिकची, पूर्ण झाकणारी.
बाकी कुठंही सांगा, मी कमी-जास्त करीन. तिथं नाही.

आता वाका. चप्पल उचलताय असं समजा.
स्कूटरवर बसा. ही घ्या, स्टूललाच स्कूटर म्हणा.
नातीला कुठल्या कडेवर घेता?
उजव्या?
मग हे डावीकडं जाईल.
काढायला उशीर होईल, हो.
विदगावच्या पुलाअलीकडं गाडी आडवी घातली त्यांनी
तेव्हा तुमच्याकडं किती वेळ होता, मला माहीत नाही.
तुम्हीच ठरवा. मी थांबतो. चहा सांगू?

...

आठ दिवस लाकडाचंच बांधून हिंडलात, बरं केलंत.
स्थानकात जाताना काढून ठेवलंत, तेही बरं.
काय म्हणता, टोचत नाही?
अजिबात?
जेवताना लक्षातच नव्हतं, पोरगी मांडीवर चढली
आणि तिनंच विचारलं, आजोबा, हे काय?

द्या इकडं.

बाप असता तर पाठ थोपटली असती.
सवार विसरला, घोडा विसरला, खोगीर जमलं.
पण मी रात्री दिवा लावून आतली शिवण उसवली
आणि नमद्याखाली एक गाठ ठेवली, शेठ,
ज्वारीच्या दाण्याएवढी.
वळ उठणार नाही. बसताना, उठताना
नुसती कळेल.

ती काढायला सांगू नका.
मजुरी ठरली तेवढीच. गाठीचे काही नाही.