एकवीस चौरस फूट

लांबी बारा, रुंदी दहा.
चार भिंतींची मिळून चव्वेचाळीस फूट,
गुणिले उंची दहा: चारशे चाळीस.
विजेच्या बिलाच्या पाठीवर मी हे मांडते
आणि केळुसकर हार्डवेअरचा पोऱ्या
काउंटरवर बोटांनी ठेका धरून थांबतो.

खिडकी वजा. चार बाय चार, सोळा.
(बंदराकडची खिडकी. गज दर दोन वर्षांनी गंजतात.
त्यांचा ऑइलपेंट वेगळा, त्याचं रडगाणं वेगळं.)
दार वजा. सात बाय तीन, एकवीस.
राहिले चारशे तीन.

बाबांच्या डायरीत मात्र तीनशे ब्याऐंशी आहेत.
सत्त्याऐंशी सालचा चुना, निळीच्या दोन पुड्या,
सरस पावशेर, ब्रश शेजाऱ्यांचा,
आणि खाली, पेन्सिल जिभेला लावून लिहिलेलं:
दारे दोन वजा.

पतपेढीत मी रोज संध्याकाळी कॅश जुळवते.
सव्वा रुपया कमी आला तर जागची उठत नाही.
हा फरक शोधायला उठावंसुद्धा लागलं नाही.

मधलं दार.
त्यातून ताकाची लोटी जायची, वर्तमानपत्र यायचं,
दिगूदादा शाळेचा सदरा इस्त्रीला आणायचा.
वाटणी झाली तेव्हा मठचा गवंडी आला.
तीस चिरे लागतील म्हणाला.
ते कुणी द्यायचे यावर पंधरा दिवस गेले,
शेवटी पंधरा त्यांनी दिले, पंधरा आम्ही.
सिमेंटची गोणी मात्र बाबांनी आणली
आणि तिचा उल्लेख कुठेच केला नाही.

इनास पेंटर रविवारी मिसा आटपून आला.
होड्या रंगवणारा माणूस, टेप लावत नाही.
हात पाण्यात बुडवून पंजा भिंतीवर ठेवतो
आणि मनातल्या मनात आकडे म्हणतो.
खिडकीच्या बाजूला पंजा दहापर्यंत टिकला.
कपाटामागे, लोणा लागलाय तिथे, सातपर्यंत.
बुजवलेल्या दारावर चार म्हणेस्तोवर
पाची बोटं गेली.

"जुन्या भिंतीचा पोट भरलेला आसा, बाये.
हिचा नाय."

लिटरला पन्नास फूट, दोन हात धरून,
म्हणजे आठ. आणि हिच्यासाठी?
"एक वाढव."
नऊ.
डबा येतो एकचा, चारचा, दहाचा.
चार, चार आणि एक घेतले तर महाग पडतं,
दहाचा घेतला तर लिटरभर उरतो
आणि उरलेला रंग माळ्यावर साय धरून बसतो.
पिवळाच हवाय मला, परसातल्या भेंडीच्या फुलाचा,
दुपारचा. संध्याकाळी ते फूल तांबूस होतं, तो नको.

पॉलिश पेपर घासता घासता इनास म्हणाला,
"फाटल्या वर्सा पलीकडे काम केलंय.
तेंनी पण ह्याच इचारल्यानी,
ह्या दार धरूचा काय सोडूचा."

मी बिलाची घडी केली. परत उघडली.
तुम्ही काय सांगितलंत?

"धर म्हटलंय. नायतर रंग कमी पडता."

म्हणजे तेच एकवीस फूट
त्या बाजूनेही कुणीतरी कागदावर मांडले होते,
बहुधा विजेच्या बिलावरच. मीटर वेगळा.
कुठला रंग, ते मी विचारलं नाही.
इनासने सांगितलंही नाही,
पण त्याच्या शर्टाच्या बाहीवर
जुना मोरपिशी थेंब होता. तो होडीचाही असेल.

मंगळवारी पहिला हात झाला.
दुपारच्या खाऱ्या वाऱ्याने भिंती वाळून फिकट झाल्या,
दाराएवढा चौकोन तेवढा गडद.
चौकट नाही, उंबरा नाही, कडी नाही,
तरी कुणालाही दाखवता आलं असतं, दार ते.
पलीकडे स्टीलचं पातेलं कुणीतरी ओट्यावर ठेवलं.

"दुसरो हात उद्या," इनास म्हणाला
आणि ब्रश धुवायला विहिरीवर गेला.
मी डब्यात काठी उभी करून बघितली.
चार बोटं रंग.