दोन तास

मंगळवारी शाळा सुटली की येते रोसाल्बा,
बुटांना नेब्रास्काचा बर्फ, दप्तरात जीवशास्त्र.
माझ्या उशाशी बसून आकृत्या गिरवते,
मध्येच विचारते, "पाणी देऊ, मिस्टर लुंडग्रेन?"

नर्स तिच्या कागदावर सही करते: दोन तास.
असे दोनशे भरले की म्हणे कॉलेज दार उघडतं,
मग आणखी एक दार, मग आणखी,
डॉक्टर होईस्तोवर अकरा वर्षं.
मी काही बोललो नाही.

कत्तलखान्यात सुरीनं सांधे सोडवण्यात
गेली माझी चाळीस.
तिच्या पुस्तकातल्या गुडघ्यावर बोट ठेवून म्हटलं,
इतका स्वच्छ नसतो गं कुठलाच.

हसली. पेन्सिल ठेवली,
आणि पांघरुणाखालून
माझाच गुडघा चाचपू लागली.
सही सहालाच झाली होती.
घड्याळात साडेसहा,
बोटं गार.