मूळ प्रती सोबत आणाव्यात

तालुका खानापूर, पण कचेरी विट्यात.
सेतूतला योगिराज म्हणतो, खानापूरच दाब.
मी दाबते.
गाव लेंगरे. बारावी, निकाल यायचाय.

पालकाचा व्यवसाय?
यादीत शेती आहे, मजुरी आहे, नोकरी, धंदा, निवृत्त,
आणि सगळ्यात खाली, इतर.
पप्पा इतरमध्ये आहेत, तेवीस वर्षं.

त्रिशूरच्या एका बोळात, दुसऱ्याच्या दुकानात
सोनं गाळतात.
तुटकी कर्णफुलं, झिजलेल्या वाट्या, कुणाचा तरी दात
मुशीत घालायचा, भट्टी लावायची,
मग तेजाबात सोडायचं.
मळ निघून जातो.
धूर कुठं जातो ते पप्पा सांगत नाहीत.

तलाठी भाऊसाहेब चष्म्यावरून बघतात.
"सोन्याचं काम, आणि वर्षाला शहाण्णव हजार?"
बाकावरचं कुणीतरी हसतं.
सांगणार होते,
की दुकान बंद करताना चपला झटकून ठेवाव्या लागतात,
अंगातला सदरा तिथंच धुवावा लागतो,
आणि ते पाणीसुद्धा मालकाचं असतं.
नाही सांगितलं.
म्हटलं, पगारी आहेत.

खात्याला आधार, आधारला नंबर,
नंबर पप्पांच्या खिशात,
सदरा खुंटीला,
पप्पा भट्टीपाशी.
योगिराज टेबलावर बोटं वाजवतो.
"तायडे, आलाय बघ आकडा. चार... थांब, चष्मा...
चार, नऊ, शून्य..."
वेळ संपली.
पुन्हा पाठवा.

दिवाळीला आले तेव्हा नेलं होतं त्यांना
अंगठा द्यायला.
काचेवर ठेवला, पुसला, परत ठेवला.
मशीनवरचा पोरगा म्हणाला, काका, रेषाच नाहीत ओ.
पप्पांनी अंगठा उजेडात धरून पाहिला,
गिऱ्हाइकानं आणलेला डाग बघावा तसा.
आईनं महिनाभर खोबरेल लावायला सांगितलं.
त्यांना चारच दिवस सुट्टी होती.

रकाना चौदा : मदत का हवी? शंभर शब्दांत.
आधी वहीत लिहून बघितलं.
गरजू आहे.
खोडलं. तो शब्द माझ्या अक्षरात
मागून आणलेल्या साडीसारखा दिसत होता.
हुशार आहे. तेही खोडलं.
मग लिहिलं,
नायट्रिक अ‍ॅसिडचा धूर तांबडा का असतो
हे मला वर्गात कळलं,
पप्पांना छातीत.
बारा शब्द झाले. अठ्ठ्याऐंशी उरले.
योगिराजनं ते टाईप केलं, मान वर न करता,
आणि नेहमीचे वीस रुपये घेतले नाहीत,
की विसरला, कुणास ठाऊक.

सहाव्या खेपेला आकडा लागला.
पावती निघाली, शाई संपत आलेली,
माझं आडनाव फिकट.
तळाशी मात्र ठळक :
पडताळणीस मूळ प्रती व पालक सोबत आणावेत.

एसटीत अर्धं तिकीट काढून फोन लावला.
"सुट्टीचं बघतो," म्हणाले पप्पा,
मागं पंख्याची घरघर.
"लग्नसराई आहे गं... बघतो."
मग थांबून,
"अंगठा लागंल का?"
नाही, सही.
"सही येती की," पप्पा म्हणाले,
जरा मोठ्यानं,
दुकानात कुणाला तरी ऐकू जावं इतक्या.